आधी टेलला

"हिला मागं का बसवलंय रं?"

व्हॅनच्या पलीकडच्या दारातून हा प्रश्न आला तेव्हा मी शेवटच्या सीटवर, स्लीपिंग बॅगा आणि तांदळाची पिशवी यांच्या मधे, स्वतःपुरती जागा करत होते. विचारणारे संग्रामचे वडील होते. आठवड्यापूर्वीच कळसहून मुलाकडे जर्मनीला आलेले. मला ऐकू जातंय हे त्यांना माहीत नव्हतं, किंवा असेलही.

"तिनंच सांगितलं तात्या, कुठंही चालेल म्हणून," संग्राम म्हणाला.

"कुठंही चालेल म्हणणाऱ्याला कुठंच काय मिळत न्हाय. बसू दे तिला तितं. पर मग समदं मागनं सुरू करायचं."

म्हणजे काय ते मला त्या दिवशी दुपारपर्यंत कळलं नाही.

मी आणि संग्राम जर्मनीत एकाच कंपनीत होतो. मी बारामतीची, तो इंदापूर तालुक्यातला. आमच्या घरांत तासाभराचंही अंतर नाही, पण ओळख झाली ती तिकडच्या कँटीनमध्ये, दोघांनीही एकाच दिवशी घरून शेंगदाण्याची चटणी आणली होती म्हणून. तिसरी केतकी, पुण्याची. संग्रामने एक जुनी व्हॅन घेतली होती आणि ती घेऊन स्लोव्हेनियापासून अल्बानियापर्यंत बाल्कन देशांतून दोन आठवडे हिंडायचं हे आमचं वर्षभर चाललेलं होतं. तारखा ठरल्या आणि नेमके त्याच महिन्यात वडील आले. त्यांना फ्लॅटवर एकटं कसं ठेवायचं, असा प्रश्न पडला. तो त्यांनीच सोडवला. "मी बी येतो. भाकरीचं माझ्याकडं लागलं."

काका, म्हणजे संग्रामचे वडील, पाटकरी होते. निवृत्त, पण पोलीस किंवा हेडमास्तर निवृत्त होतात तसे, म्हणजे कागदावर. बारामतीवरून इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याच्या शेवटच्या फाट्यांवर त्यांनी तीस-एक वर्षं पाणी वाटलं. कुठल्या शेताला कधी, किती तास, कुठलं गेट किती वर, हे बघणारा माणूस. आमच्या बारामतीच्या घरापासून तो कालवा पाच मिनिटांवर आहे. माझी शाळेची बस रोज त्याच्यावरून जायची. ते पाणी पुढे कुठे जातं हा प्रश्न मला शाळा संपेपर्यंत कधी पडला नव्हता. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वगैरे वाटलं नाही. "हेडची माणसं," ते एवढंच म्हणाले, कुणी 'डावखुरी' म्हणावं तसं.

कालव्याच्या तोंडाशी असतो तो हेड आणि शेवटाला असतो तो टेल. पाण्याची पाळी सुरू झाली की ते आधी टेलला न्यायचं आणि मग एकेक गेट उघडत वर यायचं, असा नियम आहे. हेडपासून सुरुवात केली तर टेलपर्यंत काही उरतच नाही. हा नियम पाळणं फार अवघड असतं म्हणे, कारण पाणी सगळ्यांच्या बांधावरून जातं आणि प्रत्येकाच्या घरी गेट उचकटायला पहार असते. काका गेट फिरवायचा दांडा रात्री घरी नेऊन कॉटखाली ठेवायचे. एकदा वरच्या अंगाच्या काही मंडळींनी, गेट उघडत नाही तोवर तुम्हाला इथून हलू देणार नाही, असं सांगितलं तर ते तिथेच गेटवर टॉवेल अंथरून झोपले. सकाळी त्याच मंडळींनी त्यांना चहा आणून दिला.

हा नियम त्यांनी व्हॅनला लावला.

ऑस्ट्रियातल्या एका पेट्रोल पंपाच्या बाकावर त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. पहिली भाकरी सगळ्यांना ओलांडून माझ्यापुढे आली. मग केतकीला, मग संग्रामला, शेवटी स्वतः. चहाचं तेच, काकडीचं तेच. मी आपली भाकरी पुढे सरकवायला बघायचे, तर हात आडवा यायचा.

"काका, मला पण भूक लागलीय," दुसऱ्या दिवशी केतकी म्हणाली. ती मधल्या सीटवर असायची.

"तू वरच्या अंगाची हायस. तुझं झिरपून भागतंय."

"म्हणजे काय?"

"म्हंजी सकाळधरनं तू दोन केळी अन् संग्रामची बिस्किटं खाल्ली, मी बघतोय की."

केतकीने ते मोठ्या मनाने घेतलं. पुढे तीच मला हॉटेलात कोपराने ढोसायची, "टेल, बोल लवकर, पाणी अडलंय."

कारण हॉटेलातच माझी खरी पंचाईत होती. मी नेहमी शेवटी मागवणाऱ्यांतली. बाकीचे काय घेतात ते ऐकायचं आणि 'सेम' म्हणायचं. ह्या एका शब्दावर माझं कॉलेज निभावलं. आता काका वेटरला हाताने थोपवायचे आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवायचे. मराठीत सांगायचे, "आधी तिला इचारा." क्रोएशियातला वेटर, बोस्नियातली म्हातारी मालकीण, सगळ्यांना ते कळायचं. पाच-सहा दिवसांत मी हॉटेलात शिरतानाच मेनूकार्ड पाठ करून बसायला लागले. इतक्या देशांतल्या इतक्या भाज्यांची नावं मला आजही येतात ती या भीतीने.

सकाळी निघताना विचारायचे, "आज कुठं?"

"कुठेही चालेल, काका."

"कुठंही नावाचं गाव नसतंय. नकाशात दाव."

मग मी दाखवायचे. गंमत अशी की मी बोट ठेवलं तिथे आम्ही खरंच जायचो, आणि ती जागा बरी निघाली तर दिवसभर मला आतून छान वाटत राहायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्यांचा पोशाख म्हणजे पांढरा पायजमा, संग्रामचं जुनं जॅकेट, टोपी आणि नवेकोरे, दिव्यासारखे पिवळे स्पोर्ट शूज. कुठलंही पाणी, ते कुठून आलं हे कळल्याशिवाय प्यायचे नाहीत. ग्लास समोर आला की "हे कुठलं?" असं विचारायचे. बोस्नियातल्या त्या म्हाताऱ्या मालकिणीला तर त्यांनी इतकं बेजार केलं की शेवटी ती चप्पल घालून निघाली आणि आम्हाला घरामागच्या चढावर, पार झऱ्याच्या तोंडापर्यंत घेऊन गेली. काकांनी ओंजळभर पाणी पिऊन मान डोलावली. बाईंनीही डोलावली. येताना त्या दोघांची आपापल्या भाषेत चर्चा चालली होती, आणि आम्ही तिघं मागून त्यांच्या पिशव्या घेऊन चालत होतो.

व्हॅनमधल्या नकाशाच्या आवाजाला ते 'बाई' म्हणायचे. "बाई म्हणती उजवीकडं. बाईचं काय जातंय, चढ तुला हाय."

आणि प्रत्येक नदीवर पान. कुठेही पूल किंवा काठ दिसला की गाडी थांबवायची, झाडाचं एक पान तोडायचं, पाण्यात टाकायचं आणि त्याच्या बरोबरीने काठाने चालायचं, पावलं मोजत. मला घड्याळ लावायला सांगायचे. कालव्याचा वेग असाच बघायचा असतो. वीस पावलांना किती सेकंद, त्याला रुंदीने, खोलीने गुणायचं, आणि मग एक आकडा. "दोन हजार क्युसेक तरी हाय," नेरेत्वा नदीला ते म्हणाले, आणि बराच वेळ काठावर बसून राहिले. हिरवंगार, काचेसारखं पाणी होतं. थोड्या अंतरावर जुन्या दगडी पुलावरून काही जण पैसे घेऊन नदीत उड्या मारत होते आणि पर्यटक टाळ्या वाजवत होते.

"एवढं पाणी," काका म्हणाले, "अन् भांडायला कोण न्हाय."

ते कौतुक होतं की तक्रार, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी त्यांच्याशी सुरुवातीला कमी बोलायचे, त्याला आणखी एक कारण होतं. माझी मराठी शाळेतली तिसरी भाषा. घरी आई-बाबा दोघंही डॉक्टर, तिथे निम्मं इंग्रजी. काकांचे 'चारी', 'मोरी', 'उपळट' हे शब्द मला केतकीला विचारावे लागायचे आणि तिलाही यायचे नाहीत. माझ्या बोलण्याला ते 'फळ्यावरची मराठी' म्हणायचे. "बरी हाय पर. पुसून परत लिवता येती."

आता खरी गोष्ट सांगते. ती त्या वेळी व्हॅनमधल्या कुणालाच माहीत नव्हती.

जर्मनीत आपलं भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते. मी ती दोनदा नापास झाले होते आणि तेवढं सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्यांदा एका चौकात, जिथे आधी जायचा हक्क माझा होता, तिथे मी हात करकरून समोरच्या तीन गाड्यांना पुढे जाऊ दिलं. परीक्षक अगदी सभ्यपणे म्हणाले, तुम्ही फार विनयशील आहात, पण विनयाचं लायसन्स आमच्याकडे मिळत नाही. संग्राम आणि केतकीने मला त्या संध्याकाळी जेवायला नेलं आणि इतकं हसवलं, इतक्या प्रेमाने चिडवलं, की तिसऱ्यांदा परीक्षेला बसतेय हे मी त्यांना सांगितलंच नाही. मार्चमध्ये पास झाले. आज सांगू, उद्या सांगू करत एप्रिल आला, मग वाटलं, आता सांगितलं तर 'इतके दिवस का नाही सांगितलंस' हेच आधी येईल. ते कार्ड मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवून दिलं.

आणि आता ही व्हॅन. तिच्या विम्यात पंचविशीपुढचा कुणीही चालवू शकत होता. केतकीला स्कूटरपलीकडे काही येत नव्हतं. संग्राम एकटा रोज पाच-सहा तास चालवत होता, आणि संध्याकाळी उतरला की पाठीला हात लावून उभा राहत होता. मी मागून ती पाठ बघायचे. मला चालवायचं होतं. नुसती त्याला मदत म्हणून नाही; समुद्राकाठचा तो रस्ता, ते बोगदे, मला स्वतःला चालवत जायचं होतं. रात्री मी मनातल्या मनात गिअर टाकायचे. वाक्यही तयार होतं. रोज सकाळी ते घशापर्यंत यायचं, आणि तिथे एक सबब तयार असायची: आता काय, थोडेच दिवस उरलेत.

माँटेनेग्रोच्या सीमेवर पासपोर्ट गोळा करून खिडकीत द्यायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं होतं. माझं कव्हर उघडलं तर कार्ड त्यांच्या मांडीवर पडलं. त्यावर माझा फोटो होता, बाजूला छोट्या गाडीचं चित्र. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं. संग्राम आणि केतकी खाली उतरून पाय मोकळे करत होते.

"गाडीचं हाय का हे?"

"हो."

"पोरांस्नी ठाव हाय?"

"नाही. काका, तुम्ही सांगू नका."

"मी कशाला सांगू? माझं हाय का ते?" त्यांनी कार्ड परत कव्हरमध्ये सारलं. रांग हलत नव्हती. समोरच्या ट्रककडे बघत ते बोलायला लागले.

टेलला एक शेतकरी होता, म्हणाले. चांगला, कष्टाळू, पण तोंडाने मुका. कालव्याचं पाणी हवं असेल तर हंगामाआधी सात नंबरचा फॉर्म भरून द्यावा लागतो; अमुक पीक, इतकं क्षेत्र, पाणी पाहिजे. त्याने तो भरला नाही. त्याला वाटलं, पाटकऱ्याला काय दिसत नाही का, मका वाळायला लागलीय ते.

"दिसत व्हतं. रोज सायकलीवरनं जाताना दिसत व्हतं. त्याच्या बांधावरनं पाणी पुढं नेलं मी."

"मग द्यायचं ना त्यांना," मी म्हणाले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच काही सुनावलं असेल.

"कसं देऊ? एकाला तोंड बघून दिलं की उद्या धा जण तोंड घेऊन येत्यात. मग जो मोठ्यानं रडंल त्याचं पाणी. टेलला काय ऱ्हातंय मग?" त्यांनी पासपोर्टांचा गठ्ठा मांडीवर सारखा केला. "मका गेली त्याची. मला कायबी बोलला न्हाय. राम राम घालायचा तसाच. त्येच वाईट वाटायचं. पुढच्या वर्साला मी कोरा फॉर्म घिऊन त्याच्या घरी गेलो. पेन बी नेला. पर लिवला त्यानंच. मी निस्ता ओट्यावर बसून ऱ्हायलो."

"किती वेळ?"

"दोन चहा झालं."

ट्रक पुढे सरकला. संग्राम धावत आला आणि आम्ही निघालो. त्यानंतर काकांनी त्या कार्डाचा विषय काढला नाही, माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलंही नाही. भाकरी आधी माझ्याकडेच येत राहिली.

अल्बानियात त्यांचा सगळ्यात आनंदाचा दिवस गेला. सपाट मैदानातून जाताना रस्त्याकडेला शेतांना पाणी नेणारी एक जुनी सिमेंटची चारी लागली, अगदी आपल्याकडच्यासारखी, कडा ढासळलेली. पलीकडे मक्याचं रान, आणि बांधावर फावडं घेऊन एक म्हातारा, फुटलेल्या बाऱ्याशी, म्हणजे पाणी शेतात वळवायच्या तोंडाशी, झटापट करणारा. "थांबव," काका म्हणाले. संग्राम थांबेपर्यंत पिवळे शूज निघाले होते, पायजमा गुडघ्यावर होता. पुढचा तासभर दोन म्हातारे चिखलात उभे होते. काकांनी गवताच्या मुळ्यांसकट ढेकळं आणायला लावली, ती तिरकी लावली, पायाने दाबली. त्या भागात 'हो' म्हणताना माणसं मान आडवी हलवतात. आपणही निम्मे तसेच. त्यामुळे त्यांचं एकमेकांशी फार पटलं. तो बारा बांधून झाल्यावर त्या माणसाने एक कलिंगड फोडलं आणि पहिली फोड काकांपुढे धरली. काकांनी ती घेतली आणि मागे वळून, चारीच्या पलीकडे उभ्या असलेल्या मला दिली.

"त्याला वाटंल मी अपमान केला," ते नंतर म्हणाले, "पर त्यानं बी मग आपल्या शेवटच्या नातीला हाक मारली, बघितलंस का?"

मी बघितलं होतं.

आता मी बारामतीत आहे, घरून काम करते. कालव्याला पाणी सुटलं की कळसहून त्यांचा आवाज फोनवर येतो. "पाणी सुटलंय. तुमच्या पुलाखालनं सकाळच्याला जाईल, बघ." मी जाऊन बघते. पुलावर उभं राहून पान टाकण्याइतकी मात्र अजून धीट झालेले नाही. ओळखीचे लोक असतात. मागच्या थंडीत त्यांच्याकडे गेले होते. ओट्यावर बसून आम्ही हुरडा खाल्ला. त्यांच्या सुनेला, म्हणजे संग्रामच्या वहिनीला, त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "घाटातली डायवर."

त्याचं असं झालं.

अल्बानियाच्या उत्तरेला डोंगरात एका घरी आम्ही दोन दिवस राहिलो. घरमालकिणीने सकाळी अंगणात मध आणि पनीर मांडलं होतं. संग्राम खायला वाकला आणि मधमाशी त्याच्या पापणीवर डसली. अर्ध्या तासात उजवा डोळा पार मिटला, गाल सुजला, आणि डाव्या डोळ्यातूनही पाणी यायला लागलं. श्वास बरा होता, पण डोळा डॉक्टरला दाखवायला हवा होता आणि दवाखाना खाली गावात, पंचवीस किलोमीटरचा घाट उतरून. मालकिणीचा नवरा गाडी घेऊन परवापर्यंत बाहेरगावी. तिने दोन-तीन फोन लावले. एक जण दुपारनंतर येतो म्हणाला, येईलच असं नाही.

आम्ही चौघं अंगणातल्या टेबलाभोवती बसलो होतो. व्हॅन समोर उभी होती.

"एक डोळा आहे की," संग्राम म्हणाला. "हळूहळू उतरतो."

"वेडा आहेस का तू?" केतकी म्हणाली. "त्या डोळ्यातून पण धार लागलीय. तुला मी किती दिसतेय, एक का दोन?"

"दोन. दोघीबी वरडतायत."

"मला स्कूटर येते. गाडी काही वेगळी असते का फार?"

"घाटात शिकतीस व्हय?" संग्राम म्हणाला.

नेहमी असं काही ठरवायचं आलं की काका माझ्याकडे वळायचे. मी वाट बघत होते. 'आधी तिला इचारा' म्हणतील, सगळे माझ्याकडे बघतील, आणि मग मला नुसतं उत्तर द्यावं लागेल. काका काकडी सोलत होते. संपूर्ण साल एका पट्टीत निघाली. ती त्यांनी बाजूला ठेवली, चार फोडी केल्या, मीठ लावलं. मग संग्रामच्या पुढ्यातली व्हॅनची चावी उचलून टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली आणि डोंगराकडे बघत बसले. त्या दिवशी, त्या एकाच दिवशी, त्यांनी मला विचारलं नाही.

मला त्यांचा राग आला. एक शब्द तर बोलायचा होता. केतकी पुन्हा त्या दुपारच्या माणसाचं म्हणत होती, संग्राम बर्फाचं फडकं डोळ्यावर दाबत उगाच विनोद करत होता. खाली दरीत पहिला वळसा दिसत होता, मग दुसरा. ते मी येताना मोजले होते. कुठे पहिला गिअर लागेल हेही मला माहीत होतं. माझे कान गरम झाले. चावी थंड होती, आणि ती माझ्या हातात होती हे मला इतरांबरोबरच कळलं.

"माझ्याकडे लायसन्स आहे," मी म्हणाले. "मार्चपासून आहे, का नाही सांगितलं ते खाली गेल्यावर विचारा. संग्राम, तू बर्फ धरून बस. आणि घाट उतरेपर्यंत मला कुणी काही सांगायचं नाही."